जुन्या बोटीचा संडास: पाणी कुठून येतं, कुठे जातं, मध्ये काय अडतं

घरातल्या संडासात पाणी ओतलं की बाकीचं काम उतार करतो. बोटीवर उतार नाही. भांडं पाणरेषेच्या बरोबरीला, कधी चक्क वीतभर खाली. आत आलेला प्रत्येक लिटर वर उचलून बाहेर ढकलावा लागतो, आणि बाहेरची नदी मात्र पंपाशिवायच आत यायला कायम टपलेली. गोव्यात मांडवी किंवा शापोरा नदीत नांगरलेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या बोटीवर संडासाचं जे काही बिघडतं, त्यातलं जवळजवळ सगळं या एका गोष्टीतून येतं. म्हणून पंप खोलायच्या आधी पाण्याची वाट समजून घ्या.

वाट हाताने शोधा

जुनी बोट म्हणजे तीन-चार मालकांचे हात लागलेली बोट. कोणी नळी बदलली, कोणी घाण साठवायची टाकी बसवली, कोणी टाकी काढली पण तिचा फाटा तसाच ठेवला. मूळ नकाशावर विश्वास ठेवू नका. टॉर्च घ्या, फळ्या उचला, आणि नळीवर हात ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. जाताना कागदावर काढत चला.

पाणी आत आणणारी नळी बारीक, १९ मिमीची. घाण बाहेर नेणारी जाड, ३८ मिमीची. बारीक नळी बोटीच्या तळाच्या सी-कॉकपासून, म्हणजे तळातल्या भोकावर बसवलेल्या बंद करता येणाऱ्या व्हॉल्व्हपासून, पंपाच्या माथ्याकडे येते. पंपाच्या वरच्या भागातून दुसरी बारीक नळी भांड्याच्या मागे जाते. पंपाच्या बुडातून जाड नळी निघते, वर चढते, वळसा घेते आणि खाली दुसऱ्या सी-कॉकला किंवा टाकीला मिळते. टाकी असेल तर मध्ये दिशा बदलणारा वाय-व्हॉल्व्ह असतो. पाणी घ्यायचं भोक घाण सोडायच्या भोकाच्या पुढे, म्हणजे नाळेच्या बाजूला आणि खालच्या अंगाला असावं. उलट असेल तर चालत्या बोटीत आपलीच घाण आपण परत ओढतो, आणि वासाचं कारण शोधत वर्ष घालवतो.

प्रत्येक जोडावर पक्क्या मार्करने आकडा टाका, तोच आकडा कागदावर. पुढे कुठे गळलं की रात्री अंधारात फोनवर "चार नंबरचा जोड" एवढं सांगितलं तरी खलाशाला कळतं.

सी-कॉक: इथे हयगय नको

पाणरेषेच्या ६० सेंमी खाली असलेलं १९ मिमीचं भोक उघडं राहिलं तर मिनिटाला साधारण ३५ लिटर पाणी आत येतं. ३८ मिमीचं असेल तर १४० लिटर. बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा, तासाला ५०० गॅलनचा बिल्ज पंप कागदावर मिनिटाला जेमतेम ३१ लिटर उपसतो, तोही बॅटरी भरलेली असताना. म्हणजे बारीक नळी निसटली तरी तो पुरा पडत नाही. जेटीला बांधलेल्या बोटी बुडतात त्या वादळापेक्षा अशा निसटलेल्या नळीने जास्त. वापर झाला की दोन्ही सी-कॉक बंद, ही सवय खलाशापासून पाहुण्यापर्यंत सगळ्यांना लावा. पंपावरचा लिव्हर "ड्राय"वर, म्हणजे नवं पाणी न घेता नुसतं उपसायच्या खुणेवर, केला म्हणजे बंद झालं, असं समजणारे पुष्कळ आहेत. तो लिव्हर सी-कॉकचं काम करत नाही.

जुन्या बोटीवर चाक फिरवून बंद होणारा पितळी गेट व्हॉल्व्ह असेल तर तो दुरुस्त करत बसू नका, बदला. चाक फिरतं, आतला दांडा झिजून तुटलेला असतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. शिवाय खारं पाणी साध्या पितळेतलं जस्त खाऊन टाकतं, मागे उरतं ते सच्छिद्र, ठिसूळ तांबं. ओळखायचं असं: बोट ओढीवर, म्हणजे दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर ओढलेली, असताना व्हॉल्व्हच्या अंगावर चाकूच्या टोकाने खरवडा. चकचकीत पिवळा धातू दिसला तर ठीक. फिका गुलाबी, निस्तेज दिसला आणि टोक सहज रुतलं, तर तो व्हॉल्व्ह मेलेला आहे. नवा घेताना कांस्याचा, जस्त न सुटणाऱ्या पितळेचा किंवा बोटीसाठीच बनवलेला प्रबलित प्लॅस्टिकचा घ्या. घरच्या नळकामाचा क्रोम चढवलेला बॉल व्हॉल्व्ह दुकानात चमकतो, पण तळाखाली त्याचं काही खरं नाही.

बॉल व्हॉल्व्ह आठवड्यातून एकदा तरी पूर्ण उघड-बंद करा. आपल्या नद्यांत महिनाभर न हललेल्या भोकात बार्नॅकल आणि बारके शिनाणे असे चिकटून वाढणारे कवचाचे जीव घर करतात. अडकलेल्या दांड्यावर हातोडी मारू नका. दांडा मोडला तर व्हॉल्व्ह उघडाच राहील. प्रत्येक सी-कॉकला मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा. खालच्या कपाटात खुंटी आहे असं नुसतं माहीत असून पाणी थांबत नाही.

पाणरेषेखालच्या प्रत्येक जोडावर दोन क्लिपा, ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या, स्क्रूची तोंडं एकमेकांविरुद्ध. पट्टीला आरपार चिरा असलेली स्वस्त क्लिप त्या चिरांतूनच गंजून तुटते. क्लिपेच्या खालच्या, न दिसणाऱ्या अंगावरून बोट फिरवा, गंज तिथेच असतो.

वळसा आणि त्याच्या डोक्यावरचा छोटा व्हॉल्व्ह

भरलेली नळी पाणरेषेखालून सुरू होऊन पाणरेषेखालीच संपत असेल तर सायफन सुरू होतो, मग पंप थांबला तरी पाणी येतच राहतं. हे तोडायला नळीला वर वळसा देतात आणि वळशाच्या माथ्यावर हवा आत घेणारा बारीक व्हॉल्व्ह बसवतात. त्याला व्हेंटेड लूप म्हणतात. माथा बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा किमान २० सेंमी वर हवा, आणि तोही बोट पूर्ण कलल्यावर. शिडाची बोट असेल तर उभ्या बोटीवर माप घेऊन उपयोग नाही.

आत येणाऱ्या पाण्याचा लूप कुठे बसवायचा, यात हमखास चूक होते. तो पंप आणि भांडं यांच्या मध्ये हवा. सी-कॉक आणि पंप यांच्या मध्ये बसवला तर पंप पाण्याऐवजी त्या व्हॉल्व्हातून हवा ओढतो. मग कोणी वैतागून व्हॉल्व्हच्या तोंडात एम-सील भरतो, पाणी येऊ लागतं, सगळे खूश. लूप मात्र आता नुसता वळसा उरला, सायफन तोडायची त्याची ताकद गेली. जुन्या बोटीवर लूपचं तोंड बुजवलेलं दिसलं तर बहुधा हीच कथा असते.

महिन्यातून एकदा टोपण काढा, आतली रबरी चकती किंवा बदकचोच कोमट पाण्यात धुवा. मिठाचे खडे साचून ती उघडीच राहिली तर दर पंपाला पाण्याचा फवारा उडतो, चिकटून बंद राहिली तर सायफन तुटत नाही. फवारा निदान दिसतो. दुसरं दिसत नाही, म्हणून ते जास्त वाईट.

पंप कसा चालतो आणि किती वेळा मारायचा

जॅब्स्को किंवा तशा हातपंपात एकच दट्ट्या दोन कामं करतो. दांडा वर ओढला की दट्ट्याखाली भांड्यातली घाण ओढली जाते, त्याच वेळी दट्ट्यावरचं स्वच्छ पाणी भांड्यात जातं. दांडा खाली दाबला की खालची घाण जोकर व्हॉल्व्हातून जाड नळीत ढकलली जाते आणि वर नवं पाणी भरतं. जोकर व्हॉल्व्ह म्हणजे जाड रबराची चोच: आतून दाब आला की उघडते, बाहेरून आला की मिटते. भांडं आणि पंप यांच्या मधे वजन लावलेली रबरी झडप असते, ती घाण भांड्यात परत येऊ देत नाही.

आता मुख्य प्रश्न. भांडं स्वच्छ दिसलं की बहुतेक जण पंप मारायचं थांबवतात. घाण तेव्हा नळीत असते. तिथे ती कुजते, लघवीतले क्षार खाऱ्या पाण्याशी मिळून नळीच्या आत दगड बनतात, आणि वळशाच्या अलीकडचा सगळा माल जोकरवर टेकून राहतो. पंप जास्त मारणं हीच इथली सगळ्यात स्वस्त देखभाल. पण जास्त म्हणजे किती? हे आपल्या बोटीपुरतं मोजता येतं.

वाय-व्हॉल्व्ह टाकीकडे वळवा. पाणी घ्यायचा सी-कॉक बंद, लिव्हर ड्रायवर. भांडं आधी कोरडं करून घ्या. मग पाण्याची दोन लिटरची बाटली भांड्यात ओता आणि संथ, पूर्ण लांबीचे पंप मारत मोजा. भांडं रिकामं होऊन गुडगुड आवाज आला की थांबा. समजा १२ पंप लागले, म्हणजे एका पंपाला साधारण १६५ मिली. ३८ मिमीच्या नळीत मीटरला १.१३ लिटर मावतं. नळी साडेतीन मीटर असेल तर तिच्यात ४ लिटर, म्हणजे २४ पंप. एवढे शक्य नसतील तर निदान माल वळशाच्या माथ्यापलीकडे गेलाच पाहिजे. तिथवर दीड मीटर असेल तर १० पंप. हा आकडा मोठ्या अक्षरात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. "नीट फ्लश करा" ही पाटी कोणी वाचत नाही, "भांडं रिकामं झाल्यावर आणखी २४ पंप" ही पाटी लोक पाळतात, निदान मोजायला तरी लागतात.

मोजलेल्या आकड्याचा आणखी एक फायदा. पुढच्या वर्षी त्याच दोन लिटरला १२ ऐवजी १८ पंप लागले तर दट्ट्याची रिंग झिजली आहे, हे पंप न उघडताच कळतं.

पंप उघडताना

दट्ट्याची रिंग, जोकर, झडप, वरचं गॅस्केट आणि दांड्याची सील असं सगळं सर्व्हिस किटमध्ये येतं. किट मागवण्याआधी पंपाच्या अंगावरचा क्रमांक वाचा. एकाच कंपनीच्या जुन्या पंपाची किट नव्याला बसत नाही, दिसायला मात्र सारखीच. सिलिंडरला आतून उभे चरे पडले असतील तर नवी रिंग आठवडाभरात झिजेल, अशा वेळी पूर्ण पंप घेणं परवडतं. गोव्यात हे चरे बहुधा पावसाळी गढूळ पाण्याचे असतात, किंवा ओहोटीला बोट चिखलावर टेकली असताना मारलेल्या पंपाचे. उधाणाला इथे भरती-ओहोटीत सव्वादोन मीटरच्या आसपास फरक पडतो, तेव्हा सकाळी तरंगणारी बोट दुपारी चिखल ओढू शकते. पाण्याच्या नळीवर जाळीची गाळणी बसवा आणि बोटीखाली पाणी कमी असताना बादलीतलं पाणी वापरा.

उघडायच्या आधी भरपूर गोडं पाणी भांड्यातून पंपून नळी धुवून घ्या, मग दोन्ही सी-कॉक बंद. खाली जुना टॉवेल, शेजारी बादली, हातात मोजे. स्क्रू काढायच्या आधी फोनवर फोटो, आणि प्रत्येक थर काढल्यावर पुन्हा फोटो. वरच्या आवरणाखालचं गॅस्केट उलटंही बसतं आणि मग पाणीच येत नाही. खालच्या झडपेचं वजन वरच्या बाजूला हवं. जोकरची चोच पाणी जातं त्या दिशेला, म्हणजे पंपापासून दूर. उलटी बसवली तर पहिल्याच पंपाला दांडा दगडासारखा घट्ट होतो.

जुना जोकर हातात घेऊन उजेडाकडे धरा. नव्याची चीर मिटलेली असते, प्रकाश येत नाही. जुन्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट दिसते, कडांवर पांढुरकं कडक कवच असतं आणि रबर दाबलं की परत पूर्वपदावर यायला वेळ लावतं. असा जोकर धुवून परत घालू नका. बोटीवर राहणाऱ्यांनी सहा महिन्यांनी आणि हौसेने चालवणाऱ्यांनी वर्षाला जोकर बदलावा, मग तो चांगला दिसत असला तरी.

दट्ट्याच्या रिंगला आणि सिलिंडरला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन किंवा इंजिनचं ग्रीस नको, काही रबरं त्याने फुगतात. पंप जड झाला की खायचं तेल ओतायची पद्धत जुनी आहे. तात्पुरतं काम भागतं, पण त्याने खरं कारण झाकलं जातं.

परत बसवताना प्लॅस्टिकमधल्या स्क्रूंची एक युक्ती. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा, म्हणजे सोडायच्या दिशेला, हळू फिरवा. एका ठिकाणी तो बारीक "टक" करून खाली बसल्याचं बोटाला जाणवतं. जुन्या आट्यात तो बसला. आता सरळ फिरवा. ही जाणीव न घेता स्क्रू आवळला तर नवे आटे पडतात, आणि तिसऱ्या खेपेला स्क्रू धरतच नाही. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा. ड्रिल मशीन लावू नका.

काय बिघडलं ते दांडा सांगतो

दांडा जड आणि भांडं रिकामं होत नाही: आधी बाहेरचा सी-कॉक उघडा आहे का ते पाहा, हसू नका. मग वाय-व्हॉल्व्हची दिशा, मग टाकीचा हवेचा पाईप, मग नळीतले क्षार. जोर लावून पंप मारू नका. पंपाच्या आणि अडथळ्याच्या मधली नळी फुगते आणि सर्वांत कच्चा जोड सुटतो. मग तो कुठे उडतो, ते सांगायला नको.

दांडा दाबल्यावर आपोआप वर येतो, किंवा भांड्यात काळसर पाणी हळूहळू चढतं: जोकर गेला. पण चढणारं पाणी स्वच्छ असेल तर ते आत येणाऱ्या बाजूचं. खात्रीसाठी भांडं कोरडं करा, बारीक नळीचा सी-कॉक बंद करा, अर्धा तास थांबा. तरी पाणी चढलं तर जोकर. नाही चढलं तर वरचा व्हॉल्व्ह किंवा लूप.

दांडा एकदम हलका, पाणी मात्र येत नाही: बारीक नळीत कुठेतरी हवा शिरते, गाळणीचं झाकण ढिलं आहे, किंवा रिंग झिजली. दांड्याभोवती थेंब येत असतील तर दांड्याची सील. ती स्वस्त असते, म्हणून लोक टाळतात, आणि तेच पाणी खाली पंपाचे आणि तळाचे स्क्रू गंजवतं.

लॅव्हॅकसारखं निर्वात पद्धतीचं भांडं असेल तर वरची बरीच लक्षणं लागू होत नाहीत. तिथे झाकणाची रबरी किनार हवा धरत नसेल तर पाणी येत नाही, तेव्हा आधी ती किनार आणि झाकणाची बिजागरं पाहा. विजेवर चालणाऱ्या मॅसरेटरमध्ये, म्हणजे घाण वाटून ढकलणाऱ्या पंपात, दोनच शत्रू: कोरडं चालवणं आणि कमी व्होल्टेज. त्याचा रबरी पंखा पाण्याशिवाय थोडा वेळ फिरला तरी जळतो, आणि बारीक जुन्या वायरीतून १२ व्होल्टचे १० झाले की मोटर घुंघुं करत अडकते. वायर बदलली की "खराब" मोटर पुष्कळदा ठीक चालते.

नळीतले क्षार

फेब्रुवारी ते मे नदीचं पाणी खारं असतं आणि क्षार याच काळात जोरात चढतात. पावसाळ्यात मांडवी-जुवारीचं वरचं पाणी जवळजवळ गोडं होतं, तेव्हा चिखल जास्त, क्षार कमी. म्हणून क्षार काढायचं काम फेब्रुवारी ते मे दर महिन्याला करा.

एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबूफूल. नळीत ४ लिटर मावत असेल तर ४ लिटर द्रावण करा. साधं पांढरं व्हिनेगरही चालतं, माडाचं चांगलं व्हिनेगर मात्र सोरपोतेलाच राखून ठेवा. भांडं कोरडं करून द्रावण ओता, भांड्यातलं जाईपर्यंत ड्रायवर पंप मारा आणि तासभर थांबा. मग गोड्या पाण्याने वर मोजलेल्या आकड्याइतके पंप मारून धुवा. क्षार जुने असतील तर आठवडाभर रोज.

संडास साफ करायचं तीव्र ॲसिड क्षार झटक्यात काढतं, पण धातूच्या सी-कॉकलाही खातं. अगदीच नाइलाज असेल तर नळी सुटी करून बाहेरच वापरा. आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कोणत्याही ॲसिडबरोबर कधीही नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बोटीचा संडास म्हणजे दार लावलेली पेटी. नुसतं ब्लीचही रोज ओतू नका, जोकरचं रबर कडक होतं.

क्षार फार जाड झाले असतील, ३८ मिमीच्या नळीत आता अंगठाही जात नसेल, तर नळी काढून जेटीच्या सिमेंटवर आपटा. कवच तडकून तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडतं. जेटीवर पडलेलं गोळा करून कचऱ्यात टाका.

वास: कुठला, कधी

सकाळच्या पहिल्या पंपाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि मग जातो, तर तो घाणीचा नाही. बारीक नळीत साचलेल्या समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्म जीव मेले, त्यातून हायड्रोजन सल्फाइड झाला. बोट दोन दिवसांपेक्षा जास्त सोडणार असाल तर शेवटचं पाणी गोडं घ्या: सी-कॉक बंद करा, गाळणीचं झाकण काढून तिच्यात गोडं पाणी ओतत पंप मारा.

कायम, मंद, उबट वास असेल तर नळी संशयित. गरम पाण्यात बुडवलेला फडका पिळून नळीवर घट्ट गुंडाळा, गार झाला की नाकाशी धरा. वास आला तर नळीच्या भिंतीतून वास झिरपतोय. ती बदलणं हाच उपाय. नवी नळी सांडपाण्यासाठी बनवलेली जाड भिंतीची घ्या. शेतीपंपाचा हिरवा सक्शन पाईप स्वस्त आणि हाताशी असतो, पण त्यातून वास लवकर झिरपतो. नळी कुठे झोळ धरून लोंबत असेल तर तिथे माल कायम साचतो आणि भिंत तिथेच आधी जाते, म्हणून झोळ काढून आधार द्या. बसवताना टोक मिनिटभर गरम पाण्यात धरलं की सहज चढतं.

टाकी, टँकर आणि नदी

काहींना टाकी म्हणजे कटकट वाटते. पण आपल्या नद्यांत माणसं तिसऱ्या, खुबे, शिनाणे काढून खातात, आणि हे जीव पाणी गाळूनच पोट भरतात. भरतीबरोबर आपण सोडलेलं आत परत येतं ते त्यांच्याकडेच. नद्यांसाठी इनलँड व्हेसल्स कायदा, २०२१ मध्ये प्रदूषण रोखण्याचा स्वतंत्र भाग आहे. मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचं चौथं परिशिष्ट आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी आहे, पण त्यातला मापदंड लहान बोटीनेही मानावा असाच: वाटून, जंतुनाशक करून सोडायचं तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे. काहीही न करता सोडायचं तर १२ मैलांपलीकडे, बोट किमान ४ नॉट वेगात असताना. नदीत आणि खाडीत असताना वाय-व्हॉल्व्ह टाकीकडे ठेवून केबल टायने बांधून टाका.

टाकीचा हवेचा पाईप शक्य तितका आखूड, सरळ आणि जाड, २५ मिमीच्या वर असावा. हवा खेळली तर आतले जीवाणू कमी वास करतात. हा पाईप गोव्यात एका खास कारणाने बुजतो: कुंभारीण माशी. बोट पंधरा दिवस उभी राहिली की ती पाईपच्या तोंडात चिखलाचं घर लिंपते. बाहेरून तोंडावर पितळी जाळी लावा आणि दर महिन्याला फुंकून पाहा.

हे यासाठी महत्त्वाचं की पंप-आउटची, म्हणजे किनाऱ्यावरून टाकी उपसून घ्यायची, सोय नसेल तिथे सेप्टिक टँक उपसणारा टँकर बोलवावा लागतो. त्याची नळी तीन-चार इंची, डेकवरचं तोंड ३८ मिमीचं, म्हणून कमी करणारा जोड आधीच करून ठेवा. टँकरची ओढ जबरदस्त असते. हवेचा पाईप बुजलेला असेल तर प्लॅस्टिकची टाकी आत पिचकते. ओढ सुरू करायच्या आधी पाईपमधून हवा आत जाते याची हाताने खात्री करा, आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडायला सांगा. रिकामी झाल्यावर वीस लिटर गोडं पाणी ओतून पुन्हा ओढून घ्या. टाकीत डोकं घालून पाहायचं नाही, आत उतरायचं तर नाहीच. त्या वायूचा वास काही क्षणांनी येणं बंद होतं, आणि धोका तिथेच असतो.

सहलीच्या बोटीवर एक हिशेब चुकतो. आपल्याकडे लोक पाणी वापरतात, कागद नाही. कागद अडकत नाही हे चांगलंच, पण जेट स्प्रेने माणशी लिटर-दीड लिटर जास्त जातं. फ्लशचे ३ लिटर धरले तर २० वेळच्या वापराला ६० नव्हे, ९० लिटर जागा लागते. स्प्रेचा दाब कमी करा आणि त्याच्या नळीला भिंतीवर वेगळा नळ द्या, रात्री तो बंद ठेवायला.

ओले वाइप्स, पॅड, सिगारेटचं थोटूक, गुटख्याची पुडी, केसांचा गुंता: यांतलं एक पुरतं. झाकणाची लहान बादली भांड्याजवळ ठेवली तर निम्मा प्रश्न सुटतो. बाकी निम्म्यासाठी कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी चारही भाषांत पाटी लावा.

पावसाळ्याआधी आणि चवथीनंतर

मासेमारी बंदी १ जूनला लागते. ट्रॉलर तेव्हा ओढीवर जातात, गोदीतली जागा आणि मिस्त्री दोन्ही मिळेनासे होतात. तुमची बोट मेच्या मध्यातच काढा, किट त्याआधी महिनाभर मागवून ठेवा. बोट पाण्यात असतानाच टाकी रिकामी करून घ्या आणि सायट्रिकचा शेवटचा फेरा द्या. वर काढल्यावर सी-कॉक सुटे करून खरवडा, निमुळत्या दट्ट्याचे असतील तर जलरोधक ग्रीस लावून परत बसवा. बाहेरच्या जाळीवरचे बार्नॅकल लाकडी पट्टीने काढा. नळ्यांतलं पाणी पूर्ण उतरवा. जोकर काढून घरी न्या आणि भोकात कापडाचा बोळा घाला, झुरळं आणि पाली आत शिरू नयेत म्हणून. बोळा घातल्याची चिठ्ठी दांड्याला बांधा.

बोट पुन्हा पाण्यात जाते तेव्हा सी-कॉक बंद ठेवूनच उतरवा. क्रेनचे पट्टे किंवा गाडा सोडायच्या आधी प्रत्येक सी-कॉकखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा. दहा मिनिटांत ओला डाग दिसला तर लगेच परत वर घ्या. कोरडा राहिला तर एकेक सी-कॉक उघडा, पुन्हा कागद पाहा, मग पंप मारा. पहिला तासभर बोट सोडून जेवायला जाऊ नका, आणि संध्याकाळी परत एकदा कागद पाहा, कारण सुकलेलं रबर पाण्यात फुगून बसायला काही तास घेतं.